विश्लेषण : धर्म स्वीकारूनही पंडिता रमाबाईंनी चर्चला प्रश्न का विचारले?

धाराशिवहून रेल्वेने पुण्याला निघालात की कुर्डुवाडी, दौंड मागे पडल्यावर केडगाव लागते. इथल्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून १९२४ मध्ये एक मराठी बायबल बाहेर पडले. त्याचे खिळे जुळवले आश्रमातल्या निराधार बायकांनी आणि भाषांतर केले पंडिता रमाबाईंनी. रमाबाई ख्रिस्ती झाल्या हे बहुतेकांना माहीत असते. त्यानंतर त्यांनी चर्चशी घातलेला वाद मात्र फारसा सांगितला जात नाही.

शास्त्रांपासून सुरुवात

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले आणि आईने ते रमाबाईंना दिले. पुराणे सांगत तीर्थक्षेत्रे फिरणाऱ्या या कुटुंबातले आई-वडील १८७४ मध्ये दुष्काळात गेले. पुढे १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. धर्मशास्त्रे वाचताना त्यांना एक गोष्ट खटकली. एरवी एकमेकांशी न जुळणारे हे ग्रंथ बाईला कमी लेखण्यात मात्र एकमताचे होते.

बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी १८८० मध्ये लग्न झाले आणि दोन वर्षांतच त्या विधवा झाल्या. पतीच्या पुस्तकांत त्यांना लूकचे शुभवर्तमान बंगालीत सापडले होते. पुण्यात आर्य महिला समाज स्थापन करून त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज इथे लहानग्या मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

वाद नेमका कशावर?

मिशनऱ्यांना प्रश्न विचारणारे आपल्याकडे आधीही होते. विष्णुबुवा ब्रह्मचारी १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी त्यांच्याशी जाहीर वाद घालत होते. पण ते बाहेरून. रमाबाईंनी आत जाऊन प्रश्न विचारले, आणि तेही ज्यांच्या आश्रयाला राहत होत्या त्यांनाच.

चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना १८८५ च्या सुमारास सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार तापला. एकाच देवाची तीन रूपे कशी, ख्रिस्ताचा जन्म चमत्काराने झाला हे का मानायचे, असे प्रश्न होते. सर्वांत मोठी अडचण होती ती अथनेशियसच्या नावाने चालणाऱ्या श्रद्धेच्या जाहीरनाम्याची. तो न मानणाऱ्याचा कायमचा नाश होईल, असे तो बजावतो.

इथे थोडा इतिहास लागतो. नव्या कराराच्या २७ पुस्तकांची आजची यादी पहिल्यांदा दिसते ती बिशप अथनेशियसच्या ३६७ सालच्या पत्रात. म्हणजे ख्रिस्तानंतर तीनशेहून अधिक वर्षांनी. आणि त्याच्या नावाचा तो जाहीरनामा तर बायबलमध्ये नाहीच. तो त्याच्या मृत्यूनंतर कुणीतरी लॅटिनमध्ये लिहिला, असे अभ्यासक मानतात. ग्रंथ वेगळा आणि त्यावर चढवलेला अधिकार वेगळा, हा फरक शास्त्रे कोळून प्यायलेल्या रमाबाईंना दिसला नसता तरच नवल. बायबल आपण स्वतः वाचू, पटेल ते मानू, धर्मगुरूंच्या आज्ञेने नाही, ही त्यांची भूमिका होती.

जेराल्डीन यांना तो अहंकार वाटला. प्राचार्या डोरोथिया बील मात्र शांतपणे उत्तरे देत राहिल्या. वाद साध्या गोष्टींपर्यंत पोचला. क्रूसावरची अक्षरे लॅटिनमध्येच का, संस्कृतात का नकोत, असे रमाबाईंनी विचारले. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा विषय निघाला तेव्हा बिशपांनी हरकत घेतली. बाईवरचे निर्बंध इथेही निघाले, फक्त पोशाख वेगळा.

दोन्हीकडून कोंडी

अमेरिकेहून परतल्यावर त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणले. तिथल्या विधवांना ख्रिस्ती केले जात असल्याच्या आरोपावरून केसरीने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. तिकडे चर्चला त्या पुरेशा आज्ञाधारक वाटत नव्हत्या. याच काळात त्यांची बायबलवरची श्रद्धा मात्र पक्की झाली. जुन्या शंका मागे पडल्या, तरी कोणत्याही एका पंथाच्या छत्राखाली त्या गेल्या नाहीत.

मग नवे भाषांतर कशाला?

मराठीत नवा करार १८११ मध्येच सेरामपूरला छापला गेला होता. पण उपलब्ध भाषांतरांतली संस्कृतप्रचुर मराठी आश्रमातल्या खेडवळ बायकांना कळत नसे. शिवाय त्यातले अनेक शब्द हिंदू तत्त्वज्ञानाचे अर्थ सोबत आणतात, असेही रमाबाईंना वाटे. म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. ॲपवर विसंबण्याऐवजी थेट सोर्स कोड उघडण्यासारखेच हे, तेही चाळिशी उलटल्यावर. क्रूसावर संस्कृत मागणाऱ्या बाईने आता संस्कृत शब्द वेचून बाजूला काढले आणि बोलीतले शब्द घेतले. हे काम सुमारे १८ वर्षे चालले.

मनोरमा १९२१ मध्ये गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले, तेव्हा भाषांतर पुरे झाले होते. पुस्तक आले त्यानंतर दोन वर्षांनी. मराठी चर्चमध्ये आज सर्रास वाचले जाते ते मात्र बायबल सोसायटीचे भाषांतर.