क्रिप्टोच्या नावाखाली आज जे चालतं, ते पॉन्झीने १९२० मध्येच करून ठेवलं होतं

चिटफंड बुडाला की पॉन्झी स्कीम. क्रिप्टोचं ॲप रातोरात बंद पडलं की पॉन्झी स्कीम. हा शब्द आपल्याकडे इतका रुळलाय की पॉन्झी हे एका हाडामांसाच्या माणसाचं आडनाव होतं, हे लक्षातच येत नाही. बिटकॉइन सुरू झालं जानेवारी २००९ मध्ये. चार्ल्स पॉन्झी त्याच्या बरोबर ६० वर्षं आधी वारला. तरीही क्रिप्टोच्या नावाने लोकांना कसं गंडवतात हे समजून घ्यायचं असेल, तर या गड्याची गोष्ट माहीत असायला हवी.

पॉन्झीचा जन्म १८८२ चा, इटलीतल्या लुगो गावातला. रोमला शिकायला गेला, पण अभ्यासापेक्षा पैसे उडवण्यातच जास्त रमला. १९०३ च्या नोव्हेंबरमध्ये तो बोटीने अमेरिकेत बोस्टनला उतरला, तेव्हा खिशात अडीच डॉलर होते. उरलेले पैसे तो बोटीवर जुगारात हरला होता. मग हॉटेलात भांडी घासली, वेटर झाला आणि गिऱ्हाइकांचे सुटे पैसे मारतो म्हणून हाकललाही गेला.

१९०७ मध्ये तो कॅनडातल्या मॉन्ट्रियलला गेला आणि झारोसी नावाच्या एका इटालियन माणसाच्या बँकेत लागला. ही बँक इतरांच्या दुप्पट, म्हणजे ६ टक्के व्याज द्यायची. गर्दी तुफान. पण बँकेची कर्जं बुडाली होती आणि जुन्या खातेदारांचं व्याज नव्या खातेदारांच्या ठेवीतून दिलं जात होतं. बँक बुडाली, झारोसी मेक्सिकोला पळाला. खोटा चेक वटवल्याबद्दल पॉन्झीला तुरुंगवास झाला. बाहेर आल्यावर इटालियन लोकांना चोरून अमेरिकेत आणण्याच्या प्रकरणात पुन्हा आत. पण बँकेत पाहिलेलं गणित त्याच्या डोक्यातून गेलं नाही.

पुन्हा बोस्टनला येऊन, लग्न करून तो काहीबाही धंदे करत होता. १९१९ मध्ये त्याला स्पेनहून एक पत्र आलं. पत्रासोबत पोस्टाचं आंतरराष्ट्रीय कूपन होतं. तेव्हा पद्धत अशी होती की परदेशात पत्र पाठवताना हे कूपन जोडायचं, समोरच्याने ते आपल्या पोस्टात देऊन उत्तराचं तिकीट घ्यायचं. कूपनचे दर आधीच ठरलेले, आणि महायुद्धानंतर इटलीसारख्या देशांचं चलन मात्र घसरलेलं. म्हणजे तिथे कूपन स्वस्तात घ्यायचं आणि अमेरिकेत त्याची महाग तिकिटं घ्यायची. कागदावर हा धंदा खरोखर फायद्याचा होता आणि बेकायदाही नव्हता.

इथेच खरी मेख आहे. अशा फसवणुकीत दर्शनी भागात एक खरी गोष्ट ठेवलेली असते, लोकांनी नुसती ऐकलेली आणि नीट न समजलेली. १९२० मध्ये ते पोस्टाचं कूपन होतं. २०१४ मध्ये सुरू झालेल्या वनकॉइनने ब्लॉकचेन हा शब्द पुढे केला, प्रत्यक्षात त्यांच्याकडे खरा ब्लॉकचेनच नव्हता. बिटकनेक्टने आपोआप ट्रेडिंग करणाऱ्या सॉफ्टवेअरचं गाजर दाखवलं.

जानेवारी १९२० मध्ये पॉन्झीने सिक्युरिटीज एक्सचेंज कंपनी थाटली. ऑफर साधी होती : ४५ दिवसांत ५० टक्के नफा, ९० दिवसांत दामदुप्पट. पहिल्या महिन्यात १८ जणांनी मिळून १,८०० डॉलर टाकले. त्यांना पुढे आलेल्या लोकांच्या पैशातून ठरल्याप्रमाणे पैसे मिळाले. मग त्याच लोकांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितलं, वर एजंटांना घसघशीत कमिशन होतंच. लोकांनी घरं गहाण ठेवली. बोस्टनचे पोलीससुद्धा रांगेत होते. आठ महिन्यांत सुमारे दीड कोटी डॉलर जमले.

गंमत म्हणजे बहुतेकांनी पैसे काढलेच नाहीत. मुद्दल आणि नफा दोन्ही पुन्हा त्यातच टाकले. एकदा पैसे हातात आले की माणूस प्रश्न विचारायचा थांबतो. आज टेलिग्रामवर भेटलेला कुणी ॲपमध्ये १० हजार टाकायला लावतो, त्याचे १२ हजार खरंच बँक खात्यात येतात, आणि आपली खात्री पटते. ते दोन हजार म्हणजे गळाला लावलेलं आमिष. मोठी रक्कम अडकली की काढण्याआधी टॅक्स भरा, फी भरा असं सुरू होतं. हे शब्द दिसले की एक रुपयाही पुढे न पाठवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावायचा.

पुण्याला हे नवं नाही. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेत बिटकॉइन गुंतवा, १८ महिने दरमहा १० टक्के घ्या, असं सांगितलं गेलं. देणं जमेना तेव्हा बिटकॉइनऐवजी स्वतःच काढलेलं एमकॅप नावाचं टोकन हातात ठेवलं. योजनेचा प्रमुख अमित भारद्वाज याला पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये अटक केली.

तर, बोस्टनमध्ये. कालपर्यंत कफल्लक असलेल्या माणसाकडे एवढा पैसा आला कुठून, म्हणून बोस्टन पोस्ट या वर्तमानपत्राने शोध घ्यायचं ठरवलं. त्यांनी अर्थपत्रकार क्लेरन्स बॅरनला गाठलं. बॅरनने कुठलीही गुप्त कागदपत्रं मिळवली नाहीत, फक्त हिशेब मांडला. एवढ्या पैशासाठी १६ कोटी कूपनं लागली असती. चलनात होती साधारण २७ हजार. शिवाय पॉन्झीचा स्वतःचा पैसा त्याच्या योजनेत नव्हताच, तो साध्या व्याजावर दुसरीकडे गुंतवलेला होता.

बातमी छापून आली आणि दारात झुंबड उडाली. पॉन्झीने काय केलं? रांगेतल्या लोकांना कॉफी आणि डोनट वाटले, हसत गप्पा मारल्या आणि तीन दिवसांत २० लाख डॉलर परत केले. कित्येक जण रांग सोडून घरी गेले. मग त्याचाच प्रसिद्धीप्रमुख विल्यम मॅकमास्टर्स फुटला. कागदपत्रं पाहिल्यावर त्याला मालकाचा डाव कळला होता आणि त्याने पेपरात सगळं उघड केलं. मॉन्ट्रियलचा तुरुंगवासही बाहेर आला. १२ ऑगस्ट १९२० रोजी पॉन्झीला अटक झाली. त्याच्यासोबत हॅनोव्हर ट्रस्टसकट अनेक बँका बुडाल्या, आणि बहुतेकांना निम्मे पैसेही परत मिळाले नाहीत. बोस्टन पोस्टला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं.

फसवणूक आहे हे माहीत असूनही लवकर शिरून लवकर बाहेर पडू, असा हिशेब मांडणारे तेव्हाही होतेच आणि आजही आहेत. शेवटच्या धावपळीत काही जणांनी आपले पैसे काढून घेतले होते. पण १९२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कनिंगहॅम विरुद्ध ब्राउन या खटल्यात निकाल दिला की इतर बुडत असताना काढलेले हे पैसे परत करावे लागतील. जिंकलोय असं वाटणारेही शेवटी इतरांच्याच रांगेत आले.

तुरुंगातून सुटल्यावर तरी पॉन्झी सुधारला का? नाही. १९२५ मध्ये त्याने फ्लोरिडात जमिनीचे प्लॉट विकायला काढले, ६० दिवसांत २०० टक्क्यांचं आश्वासन देऊन. जमीन दलदलीची निघाली. मग वेश बदलून बोटीने पळताना न्यू ऑर्लिन्सला सापडला आणि आणखी काही वर्षं आत गेला. ऑक्टोबर १९३४ मध्ये त्याला इटलीला हाकलण्यात आलं. त्याच वर्षी अमेरिकेत शेअर बाजारावर देखरेख ठेवणारा सिक्युरिटीज अँड एक्सचेंज कमिशन स्थापन झाला, नाव जवळपास त्याच्याच कंपनीचं. १९३७ मध्ये बायकोने घटस्फोट घेतला.

पुढे तो ब्राझीलला गेला, एका इटालियन विमान कंपनीत नोकरी केली, युद्धात तीही सुटली. दृष्टी अधू झाली, पक्षाघाताचा झटका आला. १८ जानेवारी १९४९ रोजी रिओ दि जानेरोच्या धर्मादाय रुग्णालयात तो वारला. गाठीला ७५ डॉलर होते, ते अंत्यविधीला लागले.