शेकलेल्या कातड्याचा नाद

29 सप्टेंबर 1947 ची रात्र. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये डिझी गिलेस्पीच्या जाझ वाद्यवृंदाची मैफल होती. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या रांगांपुढे क्युबातून आलेला एक दणकट बांध्याचा वादक लाकडी ढोल घेऊन आला. 'क्युबाना बी, क्युबाना बॉप' ही जॉर्ज रसेलने बांधलेली रचना सुरू झाली. तिच्या मध्यावर साऱ्या वाद्यवृंदाने हात आखडता घेतला आणि तो एकटाच वाजवू लागला. वाजवता वाजवता आफ्रिकी मंत्रांसारखे काही गाऊ लागला. जाझला हातांनी वाजवायचा ढोल तोवर जवळजवळ अपरिचित होता. त्या वादकाचे नाव लुसियानो पोझो गोन्झालेस. पण जग त्याला चानो पोझो म्हणूनच ओळखते. त्या रात्रीनंतर त्याच्या वाट्याला उणीपुरी चौदा महिन्यांचे आयुष्य उरले होते.

चानोचा जन्म 7 जानेवारी 1915 रोजी हवानात झाला. क्युबात गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा तीसही वर्षे झाली नव्हती. वडील बूटपॉलिश करीत. कुटुंब एका मोठ्या, दाटीवाटीच्या चाळीत राहत असे; त्या चाळीचे नावच 'आफ्रिका'. पोलीसही तेथे जायला बिचकत, असे सांगतात. आई लवकर गेली. शाळा सुटली, उनाडक्या वाढल्या आणि वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास त्याची रवानगी ग्वानाहाय येथील सुधारगृहात झाली. लिहिणे-वाचणे तो तेथेच शिकला आणि ढोलावरचा हातही तेथेच पक्का झाला. बाहेर आल्यावर त्याने वर्तमानपत्रे विकली, बूट पुसले, पुढे मोटार हाकली, धनिकांचा अंगरक्षक म्हणूनही राबला.

या साऱ्या धकाधकीत ढोल मात्र सुटला नाही. क्युबात ढोल हे केवळ करमणुकीचे साधन नव्हे. योरुबा दैवतांची उपासना करणारा सान्तेरिया पंथ आणि 1836 मध्ये हवानाजवळच्या रेग्ला येथे स्थापन झालेला अबाकुआ हा पुरुषांचा गुप्त बंधुसंघ, या दोन्हींत ढोल हा देवाशी आणि पूर्वजांशी बोलण्याचा मार्ग. चानो दोन्हींशी बांधलेला होता. अबाकुआंचा एक ढोल दोऱ्यांनी आवळतात आणि लाकडी पाचरी ठोकून सुरात आणतात. तबल्याचे गठ्ठे ठोकताना पाहिलेल्या कोणालाही त्यामागची युक्ती चटकन कळेल.

चानोचे मुख्य वाद्य मात्र वेगळे होते. क्युबात त्याला 'तुंबादोरा' म्हणतात, बाहेरचे जग 'कोंगा' म्हणते. त्याच्याविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण जुन्या ध्वनिमुद्रिकांवर चानोचा ढोल आजच्यापेक्षा निराळा का वाजतो, याचे उत्तर त्याच्या बांधणीत आहे. लाकडाच्या उभ्या पट्ट्या पिंपाप्रमाणे जोडायच्या, बाहेरून लोखंडी पट्टे ठोकून त्या घट्ट करायच्या आणि वरच्या तोंडावर गुराचे किंवा खेचराचे जाड कातडे चढवायचे. कातडे आधी पाण्यात मुरवायचे, ओलेपणीच ताणायचे आणि काठाभोवती बारीक खिळ्यांची ओळ ठोकून पक्के करायचे. वाळले की ते आपोआप आवळते. पण खिळे एकदा ठोकल्यावर सूर वर-खाली करायची सोय उरत नाही. उपाय एकच, विस्तव. जळता कागद, स्पिरिटचा दिवा किंवा मेणबत्ती कातड्याजवळ धरायची. तापले की ते ताणते आणि आवाज चढतो. हलगी शेकोटीवर धरणाऱ्या आपल्या वादकांना हे वेगळे सांगायला नको! हवानाच्या दमट हवेत हा चढलेला सूर फार काळ टिकत नसे आणि मग पुन्हा विस्तव शोधावा लागे.

हाच खिळ्यांचा काठ आज जाणकारांच्या उपयोगी पडतो. जुना क्युबन ढोल समोर आला की ते आधी वरचा काठ पाहतात. खिळ्यांची बारीक भोके ओळीने दिसली, की तो मूळचा खिळ्यांचा ढोल. पुढे कोणी त्याला लोखंडी आकडे आणि पेच बसवले असले, तरी ती भोके सहसा खरे वय सांगून जातात. त्यानंतर पट्ट्यांचे सांधे, लोखंडी पट्ट्यांची घडण आणि कातड्याची जाडी पाहायची. नवे कातडे चढवताना घाई केली, ते पुरते मुरू दिले नाही किंवा एका बाजूला जास्त ओढले, तर सूर वाकडाच लागतो. आकाराचाही प्रश्न असतो. लहान तोंडाचा 'किंतो' चढ्या आवाजात बोलतो आणि मुक्त खेळतो, तर मोठा 'तुंबादोरा' खालचा ठेका धरतो. किंतोसाठी जाड कातडे निवडले, तर त्याची वाचा बसते.

चानोची कीर्ती आधी हवानाच्या कार्निव्हलमध्ये पसरली. 'लोस दांदीस दे बेलेन' या मिरवणूक-मंडळासाठी त्याने रचना केल्या. त्याचे 'ब्लेन ब्लेन ब्लेन' हे गीत मिगेलितो वाल्देस या लोकप्रिय गायकाने 1940 मध्ये ध्वनिमुद्रित केले. गाणी गाजत होती, चानोच्या अंगावर भारी कपडे आणि दागिने आले. मानधनाचे हिशेब मात्र काही केल्या जुळेनात. 1940 च्या दशकाच्या मध्यास रॉयल्टीच्या वादातून त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. तो वाचला, पण एक गोळी पाठीच्या कण्याजवळ कायमची राहिली. ढोलावर तासन्‌तास वाकणाऱ्या माणसाला ती किती ठसठसत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

वाल्देसच्या आग्रहाने चानो 1947 च्या सुमारास न्यूयॉर्कला आला. तेथे मारिओ बाउसा या क्युबन ट्रम्पेटवादकाने त्याची गाठ आपला जुना मित्र गिलेस्पी याच्याशी घालून दिली. गिलेस्पीला स्पॅनिश येत नव्हते, चानोला इंग्रजी जेमतेम. चानोला स्वरलिपी वाचता येत नव्हती आणि जाझच्या झोकदार तालाशी त्याच्या तालाचे सुरुवातीला पटेना. तो जिथे सम मानी, तिथे इतरांना ती दिसत नसे. दौऱ्यांच्या बसमध्ये त्याने सहकाऱ्यांच्या हाती वाद्ये देऊन एकेकाला एकेक ठेका शिकवला आणि सारे ठेके एकत्र वाजवून घेतले. वर्गाबाहेरचा हा वर्ग त्या वाद्यवृंदाला पुष्कळ काही देऊन गेला.

'मंतेका' त्यातूनच जन्मली. बासचा खर्ज, सॅक्सोफोनची पुनरावृत्ती, ट्रम्पेटचे उत्तर असे एकावर एक थर चानोने तोंडाने गुणगुणून दाखवले. वॉल्टर गिल फुलरने ते कागदावर उतरवले, आणि सगळेच क्युबन राहू नये म्हणून मधला भाग गिलेस्पीने जोडला. 30 डिसेंबर 1947 रोजी आरसीए व्हिक्टरसाठी ती ध्वनिमुद्रित झाली. 'मंतेका' म्हणजे डुकराची चरबी; रस्त्यावरच्या बोलीत गांजालाही हाच शब्द वापरत. 1948 च्या आरंभी हा वाद्यवृंद युरोपात गेला आणि पॅरिसच्या साल प्लेयेलमध्ये त्याने श्रोत्यांना चकित केले.

पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागाच्या दौऱ्यात, जिथे कृष्णवर्णीय वादकांना उपाहारगृहाचे दारही उघडत नसे, चानोचे ढोल चोरीला गेले असे सांगितले जाते. दुसऱ्या वादकाने दुसरे वाद्य उसने घेतले असते. पण हाताने शेकून, आवळून वर्षानुवर्षे सवयीचे केलेले कातडे बाजारात मिळत नाही. चानो दौरा सोडून न्यूयॉर्कला परतला. डिसेंबरच्या पहिल्या दिवसांत हार्लेममधील एका बारमध्ये गांजाच्या क्षुल्लक व्यवहारावरून त्याचे विक्रेत्याशी भांडण झाले होते. त्यानेच चानोवर गोळ्या झाडल्या. चानोचे वय होते अवघे 33. त्या वेळी बारच्या ज्यूकबॉक्सवर 'मंतेका' वाजत होती, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, ती त्याच्या नावाला चिकटली आहे. सान्तेरियात चांगो या गर्जनेच्या आणि ढोलांच्या दैवताशी जोडलेल्या संत बार्बराचा सण अवघ्या एक-दोन दिवसांवर आला होता.

चानोला पेचांच्या ढोलाचे युग दिसले नाही. 1950 च्या दशकात हवानाचे व्हर्गारा ढोलकार लोखंडी आकडे आणि पेच बसवलेले ढोल बनवू लागले. या सुधारणेचे श्रेय अनेकदा वादक कार्लोस 'पातातो' वाल्देस याला दिले जाते. किल्ली फिरवून सूर लावता येऊ लागला, विस्तवाचे काम संपले. सूर टिकू लागल्याने एकाच वादकाने दोन-तीन ढोल वेगवेगळ्या सुरांत लावून वाजवणेही सोपे झाले. 1960 च्या दशकात अमेरिकेने क्युबाशी व्यापार बंद केला, तेव्हा हवानाचे ढोल दुर्मिळ झाले. न्यूयॉर्कमध्ये मार्टिन कोहेनने 1964 मध्ये 'लॅटिन पर्कशन' सुरू केली, ती याच टंचाईतून.

गिलेस्पीने चानोच्या जागी साबू मार्तिनेस या तरुण वादकाला घेतले. 'मंतेका' मात्र त्याने सोडली नाही. 1993 मध्ये मृत्यू येईपर्यंतच्या चार दशकांहून अधिक काळात तो ती मैफलींत पुन्हा पुन्हा वाजवत राहिला.