बीजरक्षक वाव्हिलोव्ह

निकोलाय इव्हानोविच वाव्हिलोव्ह यांचा जन्म १८८७ मध्ये मॉस्को येथे एका व्यापारी कुटुंबात झाला. ते चार वर्षांचे असताना रशियात भीषण दुष्काळ पडला. भूक आणि धान्य हाच पुढे त्यांच्या आयुष्याचा विषय झाला. कृषिशिक्षण पूर्ण करून १९१३ मध्ये ते इंग्लंडला गेले व तेथे बेटसन यांच्याकडे त्यांनी आनुवंशिकीचा अभ्यास केला.

पिकांचे मूळ शोधण्यासाठी त्यांनी पुढे इराण, अफगाणिस्तान, इथिओपिया, चीन, मेक्सिको, पेरू असे देश पालथे घातले. १९२४ मध्ये अफगाणिस्तानात त्यांनी पाहिले, की गव्हाच्या शेतात तण म्हणून वाढणारी राय उंच, थंड प्रदेशात गव्हालाच मागे सारते. शेतकऱ्याने उपटून टाकलेले तणच अशा रीतीने पीक बनले होते. आल्मा-आटाजवळच्या डोंगरांत त्यांना रानटी सफरचंदांची अरण्ये आढळली. ज्या प्रदेशात एखाद्या पिकाचे सर्वाधिक वैविध्य, तो त्याच्या उगमाचा प्रदेश, असा सिद्धान्त त्यांनी १९२६ मध्ये मांडला. या उगमकेंद्रांत त्यांनी भारतालाही स्थान दिले. लागवडीतील पिकाने गमावलेली रोग, थंडी व अवर्षण सोसण्याची शक्ती त्याच्या रानातल्या भाऊबंदांत शिल्लक असते, हे ओळखून त्यांनी लेनिनग्राडच्या संस्थेत बियाणे साठविले. १९४० पर्यंत तेथे सुमारे अडीच लाख नमुने जमा झाले होते.

नवा वाण सिद्ध होण्यास वर्षे लागतात. राज्यसत्तेला मात्र तत्काळ पीक हवे होते. आनुवंशिकी नाकारणाऱ्या लायसेंको यांना स्टालिनचा पाठिंबा मिळाला. वाव्हिलोव्ह यांनी आपले मत सोडले नाही. ऑगस्ट १९४० मध्ये पश्चिम युक्रेनमध्ये वनस्पती गोळा करीत असताना त्यांना अटक झाली. पुढच्या वर्षी त्यांना देहदंड सुनावला गेला. तो नंतर वीस वर्षांच्या कैदेत बदलला.

इकडे १९४१ मध्ये लेनिनग्राडला वेढा पडला. भोवती धान्याची पुडकी असूनही संस्थेतील संशोधकांनी त्यांतील दाणा तोंडात घातला नाही. भाताचे अभ्यासक दिमित्री इव्हानोव्ह यांच्यासह कित्येक जण भुकेने मेले. वेढा उठण्यापूर्वीच, २६ जानेवारी १९४३ रोजी, सारातोव्हच्या तुरुंगात वाव्हिलोव्हही उपासमारीने खंगून मरण पावले. १९५५ मध्ये त्यांची शिक्षा रद्द झाली. पुढे संस्थेला त्यांचेच नाव देण्यात आले.

त्यांच्या विचाराची प्रचीती भारतीय भातानेच आणून दिली. १९७० च्या दशकात आशियातील भातपिकाला खुरटविणाऱ्या विषाणुरोगास उत्तर प्रदेशात गोळा केलेल्या एका रानटी भाताच्या गुणाने आवर घातला.