दिवा हळदणकरांचा, नाव रविवर्म्याचं

मैत्रिणींनो, हातात दिवा घेतलेल्या बाईचं ते चित्र तुम्ही पाहिलेलं आहेच. कॅलेंडरवर, फ्रेमच्या दुकानात, कुणाच्या तरी देवघराशेजारी. एका हातात पितळी दिवा, दुसरा तळवा ज्योतीच्या आड, बोटांमधून झिरपणारा लालसर उजेड आणि त्यात उजळलेला चेहरा. आमच्या यावलला कुणालाही विचारा, चित्र कुणाचं? उत्तर ठरलेलं, राजा रविवर्मा! मला बाई याचा फार राग येतो. पुरणपोळ्या आपण लाटायच्या आणि कौतुक शेजारणीचं, तसलाच हा प्रकार. कारण हे चित्र आहे आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं.

हळदणकरांचा जन्म १८८२चा. शाळेतच त्यांचा हात हेडमास्तरांच्या नजरेत भरला, त्यांनी सावंतवाडीच्या राजेसाहेबांच्या कानावर घातलं आणि संस्थानच्या मदतीनं हा मुलगा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. तिथं धुरंधरांसारखे गुरू लाभले. १९०८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची चित्रशाळा काढली, १९१८ मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या स्थापनेतही ते पुढे होते. समोर माणूस बसवून त्याचं हुबेहूब चित्र काढणं, म्हणजे व्यक्तिचित्रण, यात त्यांचा हातखंडा.

पण त्यांची खरी कमाल जलरंगात. तैलरंगात चुकलं तर वाळल्यावर वरून दुसरा रंग देता येतो. जलरंगात ती सोय जवळजवळ नाहीच. मेंदी रंगली की रंगली, तसं! शिवाय उजेड दाखवायचा तर तिथं कागद कोराच राखावा लागतो. म्हणजे दिव्याची ज्योत काढायची नसते, ती वाचवायची असते, आणि तिच्याभोवतीचा अंधार पातळ रंगांच्या थरांनी हळूहळू गडद करत न्यायचा. भलेभले हे काम तेलातच करतात. फ्रान्समध्ये सतराव्या शतकात जॉर्ज द ला तूर नावाचा चित्रकार होऊन गेला. मेणबत्तीपुढे हात धरलेलं लेकरू आणि त्या बोटांतून आरपार येणारा उजेड त्यानं तैलरंगात रंगवला. गंमत बघा, त्याचंही नाव पुढं अडीच-तीनशे वर्षं विसरलं गेलं आणि त्याची चित्रं दुसऱ्यांच्या नावावर खपत राहिली.

हळदणकरांच्या चित्रातली ती बाई म्हणजे त्यांची मुलगी, गीता. दिवाळीच्या दिवसांत हातात दिवा घेऊन येणारी लेक वडिलांनी पाहिली आणि तिला तसंच उभं केलं. दिवा घेऊन हात न हलवता तासन् तास उभं राहणं काय असतं, हे आरतीचं तबक धरून ताटकळलेल्या बायांना वेगळं सांगायला नको.

पुढं हे चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातल्या संग्रहात गेलं. अंधाऱ्या खोलीत ते पाहिलं की चेहऱ्यावरचा उजेड खराच दिव्याचा वाटतो. तिथंच रविवर्म्यांचीही चित्रं आहेत, त्यामुळे घोटाळा वाढला असणार. त्यातून रविवर्म्यांच्या छापखान्यातल्या तसबिरी आपल्याकडे घरोघरी पोचलेल्या, म्हणून साडीतली देखणी बाई दिसली की त्यांचंच नाव तोंडात येतं. पण रविवर्मा वारले १९०६ मध्ये आणि गीताताईंचा जन्म त्यानंतरचा! एवढा एक हिशेब कुणी मांडला असता तरी पुरे होतं.

हळदणकर १९६८ मध्ये गेले. गीताताई, लग्नानंतरच्या गीता उपळेकर, कोल्हापूरला राहत. त्यांना उदंड आयुष्य लाभलं. २०१८ मध्ये १०२ व्या वर्षी त्या गेल्या तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांचा फोटो आणि ते चित्र शेजारी शेजारी छापलं. वडिलांचं नाव त्या बातमीत नीट होतं.