नामदार नाना शंकरशेठ : ज्ञानदान आणि अभयदान

ग्रँट रोड स्थानकातून बाहेर पडून गिरगावकडे निघाले की नाना चौक लागतो. दररोज हजारो लोक त्या चौकातून ये-जा करतात. ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो, ते नामदार जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेठ हे मुंबईच्या जडणघडणीतील अग्रगण्य पुरुष होत. रेल्वे, विद्यापीठ, वैद्यकीय महाविद्यालय अशा अनेक कार्यांशी त्यांचे नाव निगडित आहे. परंतु गिरगावातील आपल्या वाड्याचे दार मुलींच्या शाळेसाठी उघडणे, हे त्यांचे कार्य त्या काळाचा विचार करता सर्वांत धाडसाचे म्हणावे लागेल.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी मुरबाड येथे दैवज्ञ ब्राह्मण समाजातील मुरकुटे घराण्यात झाला. १८२२ साली वडील शंकरशेठ निवर्तले आणि वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मोठ्या व्यापाराचा भार नानांच्या शिरावर आला. त्यांच्या सचोटीची ख्याती एवढी की, अरब व अफगाण व्यापारी आपली संपत्ती अन्यत्र न ठेवता त्यांच्याकडे विश्वासाने ठेवीत, असे सांगितले जाते. व्यापाऱ्याची खरी पुंजी तिजोरीत नसून लोकांच्या विश्वासात असते, हे नानांच्या चरित्रातून पदोपदी जाणवते.

ही पुंजी त्यांनी शिक्षणाच्या कार्यी लावली. १८२० च्या दशकात मुंबईत एतद्देशीयांच्या शिक्षणासाठी जी संस्था उभी राहिली, तिच्या कार्यात नाना तरुण वयातच सहभागी झाले. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८२७ साली स्वदेशी परतले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ नागरिकांनी दोन लाखांहून अधिक रुपयांचा निधी जमविला आणि त्यातून पुढे एल्फिन्स्टन विद्यालय उभे राहिले. या कार्यातही नाना अग्रभागी होते. १८४० साली स्थापन झालेल्या शिक्षण मंडळाचे ते सभासद झाले. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा कल इंग्रजी माध्यमाकडे होता. सामान्य जनतेपर्यंत विद्या पोहोचवावयाची तर ती मातृभाषेतूनच दिली पाहिजे, अशी नानांची भूमिका होती. अधिकारपदावरील इंग्रज न्यायाधीशाशी मतभेद पत्करूनही त्यांनी ती सोडली नाही.

१८४८ साली एल्फिन्स्टनमधील विद्यार्थी व प्राध्यापक यांनी मिळून एक साहित्य व शास्त्रविषयक सभा स्थापन केली. तिच्या मराठी ज्ञानप्रसारक शाखेचे अध्यक्षपद दादोबा पांडुरंग यांनी भूषविले. मुंबईत अमेरिकन मिशनरींनी १८२४ साली मुलींची शाळा काढली होती, परंतु धर्मांतराच्या भीतीने बहुसंख्य घरांनी तिकडे पाठ फिरविली. पुण्यात १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. पाठोपाठ १८४९ साली या सभेच्या तरुणांनीही मुंबईत मुलींच्या शाळा काढण्याचा निर्धार केला.

हे तरुण वेतन घेणारे शिक्षक नव्हते. आपला अभ्यास आणि नोकरी सांभाळून ते सकाळच्या वेळी विनामूल्य शिकवीत. दादाभाई नौरोजी त्यांपैकीच एक. ते घरोघरी जाऊन, निदान ओटीवर तरी मुलींना शिकवू द्या, अशी विनवणी करीत. काही गृहस्थांनी तर त्यांना जिन्यावरून ढकलून देण्याची धमकी दिली. आज त्या पालकांना दोष देणे सोपे आहे. शिकलेली मुलगी विधवा होते, असा समज त्या काळी रूढ होता. शिवाय कोवळ्या वयाची लेक परक्या तरुणांच्या हाती कशी सोपवावी, ही चिंता कोणत्याही आईबापाला वाटणे स्वाभाविकच होते. तरुणांची तळमळ खरी होती, पण त्यांच्या शब्दाला तारण नव्हते.

ते तारण नानांनी दिले. गिरगावातील आपल्या वाड्याच्या आवारात त्यांनी मुलींच्या शाळेला जागा दिली आणि खर्चाचा भारही उचलला. सनातनी मंडळींचा रोष त्यांना पत्करावा लागला. स्वतः देवधर्म पाळणारे, समाजात मान असलेले गृहस्थ असल्याने त्यांना गमावण्यासारखे पुष्कळ होते. परंतु त्यामुळेच त्यांच्या कृतीला वजन आले. ज्या दारी व्यापारी निःशंकपणे ठेव ठेवीत, त्या दारी लेकीला धाडण्यास आईबापांना धीर आला. सभेच्या त्या पहिल्या शाळांत ४४ पारशी व २४ हिंदू मुली आल्या. संख्या लहान होती, पण वाट पडली.

नाना पुढे मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंपैकी एक झाले आणि १८६२ साली मुंबईच्या कायदे मंडळाचे सदस्य झाले. १८६५ च्या जुलै महिन्यात कापसाच्या तेजीवर फुगलेला शेअर बाजार कोसळला आणि मुंबईतील अनेक नामवंत पेढ्या बुडाल्या. त्याच महिन्याच्या ३१ तारखेस नानांनी इहलोकीची यात्रा संपविली. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतमध्ये प्रथम येणाऱ्यास त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती मिळू लागली. पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख हे तिचे एक मानकरी होत.

आपल्या परंपरेत आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. नाना जैन नव्हते, परंतु ज्ञानदान आणि अभयदान ही दोन दाने एकमेकांवाचून अपुरी आहेत, हे त्यांनी आचरणातून दाखविले. शाळेला वर्गखोली, पुस्तके वा संगणक देणारे दाते आज पुष्कळ आहेत. सवड काढून महापालिकेच्या शाळेत शिकविण्यास जाणारे तरुणही आहेत. परंतु शाळेत पाऊल टाकणारा प्रत्येक जण कोण आहे, याची खात्री करून घेणारे आणि मूल सुखरूप घरी पोहोचेपर्यंत स्वतःला जबाबदार मानणारे विश्वस्तही तितकेच हवेत. मूल ही आईबापांनी विश्वासाने ठेवलेली ठेव आहे आणि ती जशीच्या तशी नव्हे, तर वाढवून परत करावयाची असते. गिरगावच्या त्या वाड्यात पावणेदोनशे वर्षांपूर्वी हाच व्यवहार चोख पार पडला.