उमेदवार कोणी निवडायचा? डॉ. आंबेडकर आणि विस्मृतीत गेलेली प्राथमिक निवडणूक

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली की एकाच पक्षातील इच्छुकांचे जाहीर वादविवाद होतात आणि त्यांवर मतदार काय म्हणतात याची चर्चा दिल्लीतही चवीने होते. उमेदवार पक्षश्रेष्ठींनी नव्हे, मतदारांनी निवडायचा, ही कल्पना आपल्याकडे परकी समजली जाते. वस्तुस्थिती तशी नाही. भारताच्या कायद्यात प्राथमिक निवडणुकीची तरतूद एके काळी होती आणि तिची कहाणी डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या चरित्राशी जन्मापासून अंतापर्यंत निगडित आहे.

पहाडगंजाला लागून, राणी झाशी रस्त्यावर आंबेडकर भवन आहे. त्याची कोनशिला १९५१ च्या एप्रिलमध्ये स्वतः बाबासाहेबांनी बसवली. या रस्त्याने कचेरीला जाणाऱ्या मराठी माणसाला घटनेचे शिल्पकार आंबेडकर ठाऊक असतात. मताचे मोल नेमके कशात असते, याचा हिशेब जवळजवळ चार दशके मांडणारे आंबेडकर तितके परिचित नाहीत.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले आंबेडकर कोलंबिया विद्यापीठातील शिक्षण घेऊन परतले आणि १९१९ च्या जानेवारीत साउथबरो समितीपुढे साक्षीस उभे राहिले. तेव्हा ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. मताधिकारासाठी संपत्तीची अट लावली की ज्यांना संपत्ती मिळवण्याचीच मुभा नाही ते यादीबाहेर राहतात, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे त्यांनी स्वतंत्र मतदारसंघ मागितले नाहीत. प्रौढ मताधिकार मिळत असेल तर संयुक्त मतदारसंघ व राखीव जागा पुरेशा आहेत, अशी त्यांची भूमिका होती. प्रौढ मताधिकाराची शक्यता मावळली, तेव्हा गोलमेज परिषदेत त्यांनी स्वतंत्र मतदारसंघांचा आग्रह धरला.

१९३२ च्या ऑगस्टमध्ये जाहीर झालेल्या जातीय निवाड्याने अस्पृश्य वर्गाला प्रांतिक कायदेमंडळांत ७१ जागा आणि दोन मते दिली. एक मत आपला प्रतिनिधी निवडण्यासाठी, दुसरे सर्वसाधारण मतदारसंघात इतरांबरोबर देण्यासाठी. गांधीजींनी २० सप्टेंबरला येरवड्याच्या तुरुंगात उपोषण आरंभले. कोंडी फोडण्यासाठी तेजबहादुर सप्रूंनी जो मध्यममार्ग सुचवला तो प्राथमिक निवडणुकीचा. २४ सप्टेंबरच्या पुणे करारात राखीव जागा १४८ झाल्या. प्रत्येक राखीव जागेसाठी अस्पृश्य मतदारांनी आधी आपल्यातून चार जणांचे पॅनेल निवडायचे आणि त्या चौघांपैकी एकाला सर्व मतदारांनी मिळून निवडून द्यायचे, असे ठरले. या पद्धतीची मुदत दहा वर्षांची ठेवली गेली.

या व्यवस्थेचे सारे मर्म चार या आकड्यात होते. पॅनेल एकाचे असते तर पहिल्या फेरीचा कौल हाच अंतिम ठरला असता आणि स्वतंत्र मतदारसंघ वेगळ्या नावाने अवतरला असता. चौघांच्या पॅनेलमध्ये चित्र पालटते. पहिल्या फेरीत आपल्या लोकांनी चौथ्या क्रमांकावर टाकलेला उमेदवार दुसऱ्या फेरीत इतरांच्या मतांवर विजयी होऊ शकतो. म्हणजे अस्पृश्य मतदाराला नकोसा माणूस गाळण्याचा काही अधिकार मिळाला. हवा तो माणूस निवडण्याचा अधिकार मिळाला नाही.

तपशील ठरवण्यासाठी हॅमंड समिती बसली, तेव्हा पॅनेलमधील चार ही संख्या किमान की कमाल, असा वाद उभा राहिला. चार उमेदवार पुढे आलेच नाहीत तर निवडणूक अवैध ठरावी, असे मानणाऱ्यांचा एक पक्ष होता. आंबेडकरांनी त्याला विरोध केला. अखेर उमेदवार चारांहून अधिक असतील तरच प्राथमिक फेरी घ्यायची, असे ठरले. मुंबई प्रांतात आपली सर्व मते एकाच उमेदवाराला देण्याची मुभाही मतदाराला मिळाली. अल्पसंख्य मतदाराला बळ देणारी ही एकवट मतांची पद्धत आंबेडकरांना महत्त्वाची वाटत होती.

१९३६ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला आणि १९३७ मध्ये ते मुंबईच्या भायखळा-परळ मतदारसंघातून उभे राहिले. काँग्रेसने त्यांच्याविरुद्ध उभे केले ते पालवणकर बाळूंना. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारा हा डावखुरा फिरकी गोलंदाज अस्पृश्य समाजाच्या अभिमानाचा विषय होता. तरुणपणी आंबेडकरांनाही त्याचे कौतुक होते. पुणे करारावर सही करणाऱ्यांत दोघेही होते. गिरणगावातील मतदारापुढे असा पेच होता, की दोन्ही माणसे आपलीच, निवड मात्र मार्गाची करायची. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. पक्षाच्या सतरा उमेदवारांपैकी बहुसंख्य विजयी झाले. हा कौल एकतर्फी नव्हता. एका समाजाचे एकच मत असते, हे गृहीतक त्या दोन हजार मतांच्या फरकाने खोडून काढले.

१९४२ मध्ये आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य म्हणून दिल्लीत आले. त्याच वर्षी नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. १९४५-४६ च्या निवडणुकीत मात्र फेडरेशनचा धुव्वा उडाला. आंबेडकरांनी कॅबिनेट मिशनपुढे प्राथमिक फेरीचा दाखला दिला. जेथे केवळ अस्पृश्य मतदारांनी मते दिली तेथे आपल्या उमेदवारांना कौल मिळाला आणि दुसऱ्या फेरीत इतरांच्या मतांनी तो फिरवला, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्याला उत्तरही होते. प्राथमिक फेरी थोड्याच मतदारसंघांत झाली होती, त्यामुळे तिच्यावरून साऱ्या देशाचा निष्कर्ष काढता येत नाही, असे काँग्रेसपक्षीयांना म्हणता येत होते. मिशनने आंबेडकरांचे म्हणणे स्वीकारले नाही. मुंबईतून संविधान सभेत जाण्याची वाट बंद झाली आणि जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साहाय्याने ते बंगालमधून निवडून गेले. फाळणीनंतर ती जागा गेली, तेव्हा मुंबईतून मुकुंदराव जयकरांच्या रिक्त जागेवर ते पुन्हा सभेत आले.

राज्यघटनेने प्रौढ मताधिकार दिला आणि मतदारयादी सर्वांसाठी एक केली. १९१९ पासूनची त्यांची पहिली मागणी पूर्ण झाली. प्राथमिक निवडणूक मात्र पुन्हा आली नाही. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघातील राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांनी आंबेडकरांना सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरवले. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही त्यांचा पराभव झाला. १९५५ च्या ऑगस्टमध्ये फेडरेशनने कायदेमंडळांतील राखीव जागाच रद्द कराव्यात असा ठराव केला. ज्या जागांसाठी १९३२ मध्ये एवढा संघर्ष झाला, त्यांवर बसणारा आपल्या मतदाराला बांधलेला राहत नाही, हा अनुभव त्यामागे होता. पुढल्याच वर्षी, ६ डिसेंबर १९५६ रोजी, दिल्लीत २६ अलीपूर रोड येथे त्यांचे निधन झाले.

त्यानंतर हा प्रश्न अधूनमधून डोके वर काढतो. २०१४ मध्ये काँग्रेसने काही लोकसभा मतदारसंघांत उमेदवार निवडण्यासाठी अंतर्गत मतदान घेतले. महाराष्ट्रात वर्धा आणि राखीव असलेले लातूर त्यांत होते. पण तेथे मत देणारे पक्षाचेच पदाधिकारी होते, सामान्य मतदार नव्हे. दोन्ही ठिकाणी पक्ष हरला आणि प्रयोग मागे पडला.

पहाडगंज नावाचा विधानसभा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत नाहीसा झाला. या वस्तीचा मोठा भाग आता करोलबाग या राखीव मतदारसंघात मोडतो. येथे स्थायिक झालेला मराठी मतदारही त्या जागेसाठी मत देतो आणि निकालावर त्याचा इतरांइतकाच अधिकार असतो. मतपत्रिकेवर किंवा यंत्रावर कोणाची नावे येणार, हे मात्र पक्षांच्या कार्यालयांत आधीच ठरलेले असते. जागा राखीव असो वा खुली, ही स्थिती सर्वत्र सारखीच आहे. पुणे कराराने सुचवलेला उपाय सदोष होता आणि त्यातील दोष आंबेडकरांनी इतरांच्या आधी ओळखला. उमेदवार निवडताना मतदाराला काही स्थान असावे की नाही, हा त्यामागचा प्रश्न मात्र कोणत्याही पक्षाने अद्याप मतदारापुढे ठेवलेला नाही.