टोपीची पिन आणि बंद पडलेली गाडी: बर्था बेंझची गोष्ट

मर्सिडीज-बेंझ हे नाव तुम्हाला माहीतच आहे. आपल्या पुण्याजवळ चाकणला या कंपनीचा कारखाना आहे. नावातला बेंझ म्हणजे कार्ल बेंझ, ज्यानं पेट्रोलवर चालणारी पहिली मोटारगाडी बनवली, हेही मोबाईलवर शोधलं की लगेच सापडतं. पण त्या घरात आणखी एक बेंझ होती. तिनं जगातला पहिला लांब पल्ल्याचा कारप्रवास केला, वाटेत गाडी अडली तेव्हा हाताशी असेल त्या वस्तूनं ती सुरू केली, आणि परत आल्यावर गाडीत काय बदलायला हवं तेही सांगितलं. तिचं नाव बर्था. गाडी आणि बाई हा विषय निघाला की आपल्याकडे अजून जोक फॉरवर्ड होतात, म्हणून आज तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

बर्था रिंगरचा जन्म ३ मे १८४९ चा, जर्मनीतल्या फोर्झहाईम गावातला. वडील सुतारकाम आणि बांधकामाच्या धंद्यात होते, घरात पैसा होता. तिच्या जन्माची नोंद घरच्या बायबलमध्ये करताना, दुर्दैवानं पुन्हा मुलगीच झाली अशा अर्थाचे शब्द लिहिले गेले. पुढे ही ओळ तिच्या वाचनात आली. ही काही फक्त जर्मनीची गोष्ट नाही. आपल्या सातारा जिल्ह्यात नकुशा नावाच्या अडीचशेहून जास्त मुलींना नवी नावं देण्याचा कार्यक्रम झाला तो २०११ मध्ये, म्हणजे तुमच्यापैकी बरेच जण शाळेत होते तेव्हा.

१८६९ मध्ये तिची कार्ल बेंझशी ओळख झाली. इंजिनिअर माणूस, डोक्यात घोड्याशिवाय चालणारी गाडी, खिशात काही नाही. मॅनहाईममध्ये त्यानं एका भागीदाराबरोबर वर्कशॉप काढलं, पण भागीदार भरवशाचा निघाला नाही. १८७१ मध्ये बर्थानं आपल्या हुंड्यातली काही रक्कम लग्नाआधीच घरून मागून घेतली आणि त्या भागीदाराचा वाटा विकत घेऊन त्याला बाहेर काढलं. आजच्या भाषेत ती या स्टार्टअपची पहिली गुंतवणूकदार. गंमत म्हणजे (गंमत कसली, चीड येते) १८७२ च्या जुलैमध्ये लग्न झालं आणि तिचा तो अधिकार गेला. तिथल्या त्या वेळच्या कायद्यात विवाहित बाईला स्वतःच्या नावावर असे व्यवहार करता येत नव्हते. २९ जानेवारी १८८६ ला गाडीच्या पेटंटचा अर्ज दाखल झाला, त्यावर नाव एकट्या कार्लचं.

मधली चौदा वर्षं फार ओढाताणीची होती. पैसे संपायचे, मुलं होत होती, इंजिन चालेना. १८७९ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री दोघं मिळून पुन्हा वर्कशॉपमध्ये गेले आणि त्या रात्री इंजिन पहिल्यांदा नीट चाललं, अशी आठवण कार्लनं पुढे नोंदवली. ती नुसती कंदील धरून उभी नसे. गाडीचा कुठला भाग काय करतो हे तिला माहीत होतं, आणि त्याचाच पुढे उपयोग झाला.

गाडी तयार झाली तरी विकली जाईना. लोकांना ते खेळणं वाटायचं. तीन चाकं, मागे इंजिन, पुढच्या एका चाकाला वळवायला दांडा. आपल्या रिक्षाची खापरपणजी म्हणा. स्टार्टर नाही, मागचं मोठं आडवं चाक हातानं गरगर फिरवायचं. कार्ल स्वभावानं सावध होता, अजून थोडी सुधारू, मग दाखवू, असं त्याचं चालायचं. मॅनहाईमच्या आसपास छोट्या चकरा सोडल्या तर गाडी कुठे गेलीच नव्हती.

ऑगस्ट १८८८. शाळेला सुट्टी. बर्थानं ठरवलं, आईकडे फोर्झहाईमला जायचं, आणि तेही गाडीनं. कार्लला न विचारता. एका पहाटे १५ वर्षांचा ऑयगेन आणि १३ वर्षांचा रिचर्ड यांना घेऊन ती निघाली. अंतर सुमारे १०५ किलोमीटर. आपल्या बदलापूरहून पुणे गाठायचं तर साधारण एवढंच पडतं. फक्त तिच्या वेळी डांबरी रस्ता नव्हता, पेट्रोल पंप नव्हता, गॅरेज तर शब्दसुद्धा नव्हता. आता त्या प्रवासात काय काय बिघडलं ते एकेक बघू, कारण तुमच्या घरच्या गाडीत आजही हेच बिघडतं.

सगळ्यात आधी इंधन. त्या गाडीला वेगळी टाकीच नव्हती. कार्ब्युरेटरमध्ये जेवढं मावेल तेवढंच, सुमारे साडेचार लिटर. ती लिग्रोईन नावाच्या पेट्रोलसारख्या द्रवावर चालायची. कपड्यांचे डाग काढायला लोक ते वापरत आणि ते मिळायचं औषधाच्या दुकानात. विस्लोख गावात बर्था औषधाच्या दुकानात शिरली आणि लिग्रोईन घेऊन बाहेर आली. ते दुकान आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून ओळखलं जातं.

मग इंधनाची नळी तुंबली. इंधनातला कचरा नळीत अडकला की इंजिनला प्यायला काही मिळत नाही, ते धापा टाकतं आणि बंद पडतं. बाईकचा कार्ब्युरेटर साफ करताना मेकॅनिक बारीक तारेनं किंवा हवेच्या प्रेशरनं जेट मोकळं करतो, तोच प्रकार. बर्थाकडे तार नव्हती. तिनं टोपीला लावलेली लांब पिन काढली आणि नळी मोकळी केली. नंतर इग्निशनच्या तारेचं आवरण झिजलं. उघडी तार गाडीच्या लोखंडाला टेकली की करंट भलतीकडे जातो आणि ठिणगी पडत नाही. वायर सोलली की आपण काळी चिकटपट्टी गुंडाळतो. तिनं मोजे वर धरून ठेवणारा आपला पट्टा सोडला आणि तो तारेला गुंडाळला. या दोन गोष्टी सांगताना लोक हसतात, पिन आणि मोज्यांचा पट्टा म्हणून. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. कुठं कचरा अडकलाय आणि कुठं शॉर्ट होतंय हे आधी शोधावं लागतं. पिन त्यानंतर कामाला येते.

पाण्याचं तर विचारूच नका. आज कूलंट बंद नळ्यांतून फिरतं आणि रेडिएटरमध्ये गार होतं. त्या गाडीत पाणी उकळून वाफ होऊन उडून जायचं, म्हणून दर थोड्या अंतरावर ओढा, विहीर, खानावळ, जिथं मिळेल तिथून पाणी भरायचं. साखळ्या ताणल्या गेल्या तेव्हा ब्रुखझाल गावात लोहाराकडून नीट करून घेतल्या. चढ आला की गाडी दम सोडायची आणि पोरांना उतरून ढकलावी लागायची. बोरघाटात दोन शाळकरी मुलं गाडी ढकलतायत असं डोळ्यासमोर आणा.

आणि उतारावर ब्रेक. लाकडी ठोकळे चाकावर दाबायचे, हाच ब्रेक. ते झिजायला लागल्यावर बर्था बाउशलोट गावातल्या चांभाराकडे गेली आणि त्याच्याकडून ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेक लायनिंगची सुरुवात इथून झाली असं मानतात. आज ड्रम ब्रेकचे लायनर आणि डिस्क ब्रेकचे पॅड हे त्याच कल्पनेवर चालतात: मूळ भाग झिजू द्यायचा नाही, त्यावर झिजणारा थर लावायचा आणि तोच बदलत राहायचा.

औषधवाला, लोहार, चांभार. तिघांकडे ती बाई-गिऱ्हाईक म्हणूनच गेली. फरक इतकाच की काय हवंय ते तिला ठाऊक होतं.

हे मला एवढं का लागतं ते सांगते. मी जांभूळची. इथून कुठंही जायचं तर गाडी लागतेच, आणि गाडी म्हटली की कल्याण-बदलापूर रस्त्यावरची गॅरेजं आली. मागे एकदा ब्रेक दाबला की चिर्रर्र आवाज यायला लागला म्हणून एका गॅरेजमध्ये गेले. तिथल्या माणसानं आधी मिस्टर आले नाहीत का विचारलं, मग चाक न काढताच दोन्ही डिस्क बदलाव्या लागतील म्हणून सांगितलं, आणि खर्चाचा आकडा मला नाही, माझ्याबरोबर आलेल्या बारावीतल्या भाच्याला सांगितला. मी चाक काढायला लावलं. डिस्क ठीक होती, पॅड संपले होते. पॅडमध्ये एक छोटी पत्री असते, थर पातळ झाला की ती डिस्कला घासून आवाज करते. तो आवाज म्हणजे पॅड बदला अशी सूचना असते. मी पॅड बदलून घेतले, जुने मागून घेतले आणि बिल घेतलं.

तुमच्या हातात तर फोन आहे. काढलेल्या पार्टचा फोटो, नव्या डब्यावरचा पार्ट नंबर, कामाआधी लेखी अंदाज, एवढं केलं तरी बोलणं बदलतं. गाडीचं मॅन्युअल बहुतेक कंपन्यांच्या साईटवर पीडीएफमध्ये मिळतं. ते एकदा चाळा. आणि ज्या मुलींना हे काम हातानं करायचंय, त्यांच्यासाठी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, दहावीनंतर. त्या वर्गात मुली फार कमी दिसतात. गॅरेजमध्ये स्पॅनर हातात घेतलेली एक जरी मुलगी असली तरी बाई-गिऱ्हाईक बिनधास्त प्रश्न विचारते, हा माझा अनुभव.

तर बर्था अंधार पडताना फोर्झहाईमला पोचली आणि तिनं कार्लला तार पाठवून कळवलं. काही दिवसांनी ती त्याच गाडीनं परतही आली, आणि तिनं काय ते स्पष्ट सांगितलं: चढासाठी आणखी एक खालचा गिअर हवा. कार्लनं तो बसवला. ॲपचं बीटा टेस्टिंग करून बग रिपोर्ट द्यावा, तसंच हे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये म्युनिकच्या प्रदर्शनात गाडीला सुवर्णपदक मिळालं. पुढच्या दहा-बारा वर्षांत बेंझ कंपनी जगातल्या सगळ्यात मोठ्या मोटार कंपन्यांमध्ये गणली जाऊ लागली. भारतातही गाड्या आल्या. जेआरडी टाटांच्या आई सुझान यांनी १९०५ मध्ये इथं गाडी चालवली, आणि भारतात गाडी चालवणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

१९२६ मध्ये बेंझ आणि डाइमलर या कंपन्या एक झाल्या आणि मर्सिडीज-बेंझ हे जोडनाव आलं. यातलं मर्सिडीज हे एका मुलीचं नाव आहे, डाइमलरच्या गाड्या विकणाऱ्या एमिल येलिनेक या व्यापाऱ्याच्या लेकीचं. तिनं गाडीतला एक स्क्रूसुद्धा फिरवला नव्हता.

कार्ल १९२९ मध्ये गेला. बर्था त्यानंतरही पंधरा वर्षं लाडेनबुर्गच्या घरात राहिली. ३ मे १९४४ ला, तिच्या ९५ व्या वाढदिवशी, कार्ल जिथं शिकला त्या कार्ल्सरूहच्या तंत्रविद्यापीठानं तिला सन्माननीय सिनेटर केलं. दोन दिवसांनी, ५ मे ला, ती वारली. ती ज्या वाटेनं गेली होती त्या वाटेवर २००८ पासून बर्था बेंझ स्मृतिमार्ग आहे; गावोगावी पाट्या लावल्यात, मॅपवर शोधला तर दिसतो. अमेरिकेतल्या ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये कार्लचं नाव १९८४ मध्ये लागलं. बर्थाचं लागलं २०१६ मध्ये.